जुन्या बोटीच्या इंजिनाचा काळा धूर
पंप उघडण्याआधी काय पाहावे? व्यापारी आणि कारीगर बंधूंसाठी काही उपयोगी माहिती

आमच्या नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही आमच्या भागातल्या व्यापाऱ्याच्या वहीत बोटीचा खर्च लिहिलेला सापडला, तर नवल वाटायला नको. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर नर्मदा आहे आणि सरदार सरोवर धरणाचे पाणी मागे पसरून अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतल्या डोंगरांच्या पोटात शिरले आहे. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. या पातळीपर्यंत धरण प्रथमच सप्टेंबर २०१९ मध्ये भरले. महाराष्ट्रातली ३३ गावे या धरणाने बाधित झाली. काठावरच्या ज्या पाड्यांपर्यंत धड सडक पोहोचत नाही, त्यांच्यासाठी पाणी हीच वाट आहे. मीठ, तेल, पत्रे, कपडा, आजारी माणूस, सारे बोटीतूनच येते-जाते. आरोग्य खात्याचे तरंगते दवाखाने याच पाण्यावर फिरले आहेत.

लोणखेडा आणि शहादा येथून निघालेला माल घाट चढून धडगावला जातो आणि तिथून काही माल नदीकाठी उतरतो. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात, तेव्हा कपड्याच्या धंद्याला मोठी तेजी असते. अशा दिवसांत बोट बंद पडली, तर बाजार हातचा जातो. नवी बोट घेण्याची ताकद लहान व्यापाऱ्यात नसते. म्हणून चारजण मिळून वापरलेली बोट घेतात. लाकूड ठोकून पाहतात, पत्रा खरवडून पाहतात, पण इंजिनाच्या बाबतीत मात्र विकणाऱ्याने हँडल मारले, आवाज आला, की सौदा पक्का! पुढे बोटीत माल भरला की इंजिन काळा धूर ओकू लागते, वेग निम्म्यावर येतो आणि डिझेलचा डबा वेळेआधी रिकामा होतो.

आम्ही कपड्याचे व्यापारी, इंजिनाचे उस्ताद नव्हे. पण खान्देशातल्या व्यापाऱ्याला डिझेल इंजिन अनोळखी नाही. शेतावरचा पंप त्यानेच चालला आणि भारनियमनाच्या वर्षांत यंत्रमागाच्या गावांना जनरेटरनेच तारले. लहान होडीत शेतीपंपासारखे एका सिलिंडरचे आणि मोठ्या बोटीत ट्रकच्या जातीचे इंजिन बसवलेले असते. जात तीच, म्हणून रोगही तेच. बोटीचे स्वतःचे दोन-तीन रोग मात्र वेगळे आहेत आणि नेमके तेच नजरेतून सुटतात.

धुराचे तीन रंग

धुराचा रंग ही इंजिनाची जबान आहे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. तेव्हा रिंगा, लायनर, व्हॉल्व्हचे गाइड तपासावेत. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडते आहे. थंड इंजिन सुरू करताना तो थोडा वेळ दिसतोच. मात्र ज्या बोटीत थंड करणारे पाणी सायलेन्सरमधून बाहेर सोडलेले असते, तिच्यामागे सकाळच्या थंडीत वाफ दिसते. ती वाफ हवेत विरते, तिला वास नसतो. तिला घाबरू नये.

काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त पडते आहे. मिस्त्री लोक याला इंजिन ‘रिच’ चालते, असे म्हणतात. एकदम रेस दिल्यावर काळा फुसका निघून नाहीसा झाला, तर चिंता नाही. पण एका वेगाने चालताना धूर सतत निघत असेल, तर तो पैसा जळण्याचा धूर आहे.

एक लिटर डिझेलला एक खोली हवा

इथे थोडा हिशोब समजून घेतला पाहिजे. एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. एक लिटर डिझेलचे वजन किलोपेक्षा थोडे कमी असते. तेव्हा एका लिटरला साधारण १२ किलो, म्हणजे जवळजवळ १० घनमीटर हवा लागते. सात फूट लांब, सात फूट रुंद आणि सात फूट उंच खोलीत मावेल इतकी ही हवा झाली! ही झाली कमीत कमी गरज. डिझेल इंजिन स्वच्छ चालायचे तर याहून बरीच जास्त हवा हवी. ती मिळाली नाही की डिझेल अर्धवट जळते आणि त्याची काजळी होते.

म्हणजे काळा धूर दोनच मार्गांनी येतो. एक तर हवा कमी पडते, नाही तर डिझेल जास्त पडते. हवेचे दोष शोधायला पाना लागत नाही आणि पैसाही लागत नाही. डिझेलच्या दोषांना टेस्ट बेंच लागते आणि खिशाला मोठी कात्री लागते. म्हणून तपासणीची सुरुवात नेहमी स्वस्त बाजूने करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. आमच्याकडे उलटे चालते. धूर दिसला की ‘पंप उतरवा’ हा पहिला सल्ला मिळतो.

पहिली तपासणी : हवा

प्रथम एअर क्लिनर उघडावा. ऑइलचा असेल, तर त्यातले ऑइल गाळ होऊन घट्ट झालेले असते. कागदाचा असेल, तर तो उजेडासमोर धरून पाहावा. पलीकडचा उजेड दिसत नसेल, तर इंजिन नाक दाबून चालले आहे. वापरलेल्या बोटीत उंदरांनी फिल्टरच्या डब्यात घरटे केलेले असू शकते, तेही पाहावे.

त्यानंतर इंजिनाची पेटी. बोटीत इंजिन पेटीत किंवा फळ्यांखाली बंद असते, हा बोटीचा खास रोग. पाऊस येऊ नये म्हणून मालक ताडपत्री ठोकतात, आवाज कमी व्हावा म्हणून फटी बुजवतात, वर मालाचे गठ्ठे रचतात. हवा यायला जागाच उरत नाही. शिवाय आतली हवा तापून विरळ होते. परीक्षा अगदी सोपी आहे. भरलेली बोट चालत असताना पेटीचे झाकण पूर्ण उघडावे आणि धुराकडे पाहावे. धूर कमी झाला, तर रोग सापडला. त्यावर औषध म्हणजे पेटीला दोन बाजूंनी मोठी जाळीदार तोंडे ठेवणे. झाकण उघडे असताना सैल कपडे, रुमाल, ओढणी फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवावी. माग चालवणाऱ्या भावांना हे वेगळे सांगायला नको.

टर्बो असलेले इंजिन असेल, तर टर्बोपासून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप आणि क्लिपा पाहाव्यात. पाइपला चीर गेली की दाबलेली हवा वाटेतच निघून जाते. चिरेजवळ काळा-तेलकट डाग दिसतो.

दुसरी तपासणी : बोजा

इंजिन नुसते सुरू असताना स्वच्छ चालते आणि गियर टाकताच काळे ओकते, असे असेल तर पंपाकडे न जाता पाण्याखाली पाहावे. गव्हर्नरचे काम वेग राखणे. बोजा वाढून वेग पडू लागला की तो डिझेल वाढवतो. वेग तरीही चढला नाही, तर डिझेल पुरेपूर आणि हवा मात्र तेवढीच. परिणाम, काळा धूर.

हा बोजा अनेक तऱ्हेचा असतो. पंख्याभोवती जाळ्याचा दोर किंवा प्लॅस्टिकची गोणी गुंडाळलेली असते. उन्हाळ्यात पाणी उतरते, तेव्हा बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात. त्यांना आपटून पंख्याचे पाते वाकते. शाफ्ट आणि गियरबॉक्स एका रेषेत नसले, तर शाफ्ट जड फिरतो. इंजिन बंद असताना, गियर काढून, शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. तो सगळीकडे सारखा फिरला पाहिजे. तळात साठलेले पाणी उपसावे. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते आणि फळ्यांखाली ते डोळ्यांना दिसत नाही.

पंखाच चुकीचा असणे हाही वापरलेल्या बोटीचा एक रोग आहे. एका बोटीचे इंजिन दुसऱ्या बोटीत जाते, पंखा मात्र जुनाच राहतो. त्याचा घेर किंवा पीळ इंजिनाच्या ताकदीपेक्षा जास्त असेल, तर इंजिन जन्मभर चढावर चालल्यासारखे चालते. याची परीक्षा अशी. इंजिनाच्या पाटीवर आरपीएम लिहिलेले असतात. नेहमीचा माल भरून, मोकळ्या पाण्यात, पूर्ण रेस देऊन आरपीएम मोजावेत. हातात धरून मोजायचे यंत्र बाजारात मिळते. पाटीवरच्या आकड्याच्या जवळ इंजिन पोहोचले पाहिजे. बरेच कमी पडत असेल, तर माल उतरवून पुन्हा मोजावेत. रिकाम्या बोटीत आकडा चढला आणि धूरही गेला, तर दोष बोजाचा किंवा पंख्याचा. बोट काठाला दोराने बांधून ही परीक्षा करू नये. बांधलेल्या बोटीत पंख्यावर जादा जोर येतो आणि चांगले इंजिनही धूर देते.

बोजाचा मामला फक्त डिझेलचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या वेळी आमच्याच जिल्ह्यात नर्मदेत माणसांनी भरलेली बोट उलटली आणि मुलाबाळांचे जीव गेले. धूर हे त्या अपघाताचे कारण होते, असे आम्ही म्हणत नाही. पण भरल्या बोटीत इंजिन काळे ओकू लागले, तर पंप वाढवण्याआधी माल आणि माणसे मोजावीत, एवढी अक्कल त्या दिवसाने आम्हाला द्यायला हवी.

तिसरी तपासणी : धुराची वाट

आत हवा येण्याइतकेच धूर बाहेर जाणेही गरजेचे आहे. सायलेन्सर कार्बनने भरला, पाइप मूळ मापापेक्षा बारीक जोडला किंवा त्याला जागोजागी काटकोन दिले, की धूर आतच तुंबतो. मग नव्या हवेला जागा राहत नाही. वापरलेल्या बोटीत मागच्या मालकाने जो मिळेल तो पाइप जोडलेला असतो. इंजिनाच्या तोंडापेक्षा पाइप कुठेही बारीक नसावा. थंड झाल्यावर पाइप काढून आतली काजळी बोटाने पाहावी. जाड थर असेल, तर साफ करून मगच पुढे जावे.

चौथी तपासणी : नोझल

हवा, बोजा आणि धुराची वाट तिन्ही ठीक असतील, तरच डिझेलच्या बाजूला जावे. तिथेही पहिला नंबर नोझलचा. चांगले नोझल डिझेलचे धुके करते. झिजलेले नोझल थेंब गाळते आणि ते थेंब जळत नाहीत.

जुन्या पद्धतीच्या पंपाचे एकापेक्षा जास्त सिलिंडरचे इंजिन असेल, तर आमचे मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित ढिला करून पाहतात. ज्या सिलिंडरचा नट ढिला केल्यावर धूर थांबतो आणि इंजिनाच्या आवाजात विशेष फरक पडत नाही, त्याचे नोझल खराब. खात्रीसाठी ते दुसऱ्या सिलिंडरला लावून पाहतात. रोग नोझलबरोबर सरकला, तर निदान पक्के. सरकला नाही, तर त्या सिलिंडरचे टॅपेट आणि कॉम्प्रेशन तपासावे.

दोन ताकिदी इथे द्यायलाच हव्यात. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. तो फवारा कातडी फोडून आत शिरतो. वरून टाचणीएवढी जखम दिसते, पण बोट किंवा हात कापण्याची पाळी येते. असे झाले, तर घरगुती औषध न करता ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जावे. दुसरी ताकीद म्हणजे कॉमन रेलच्या नव्या इंजिनाचे पाइप चालू स्थितीत मुळीच ढिले करू नयेत. त्यातले प्रेशर जुन्या इंजिनांपेक्षा कितीतरी जास्त असते.

शेवटी पंप

बॉश कंपनीने १९२७ मध्ये डिझेलचे इंजेक्शन पंप मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली आणि त्यानंतर ट्रकवर डिझेल इंजिनाचा प्रसार वाढला. आपल्या देशात १९५१ मध्ये मायको कंपनी स्थापन झाली. २००८ पासून तिचे नाव बॉश झाले, पण आमच्या गॅरेजांत पंप अजून ‘मायको’चाच असतो. या पंपात जास्तीत जास्त किती डिझेल सोडायचे, याचा स्क्रू असतो आणि तो बसवून त्यावर सील मारलेले असते.

वापरलेल्या इंजिनावर हे सील तुटलेले दिसले, तर सावध व्हावे. इंजिन थकले, कॉम्प्रेशन गेले, की काही लोक हा स्क्रू फिरवून डिझेल वाढवतात. चार दिवस इंजिनात जोर आल्यासारखा वाटतो. विकणाऱ्याचे काम होऊन जाते आणि घेणाऱ्याच्या पदरी धूर, तापलेले हेड आणि जळके व्हॉल्व्ह येतात. मालातला ऐब झाकून विकू नये, ही शिकवण आम्हाला लहानपणापासून मिळाली आहे. कपड्याची फाटकी घडी आत घालून विकणे आणि थकलेल्या इंजिनाचा स्क्रू फिरवून विकणे यांत काही फरक नाही.

पंप उतरवायचाच असेल, तर तो टेस्ट बेंचवर कंपनीच्या आकड्यांप्रमाणे बसवून घ्यावा आणि नवे सील मारून घ्यावे. अंदाजाने, धूर पाहून, स्क्रू फिरवू देऊ नये. परत बसवताना टायमिंगची खूण जुळली पाहिजे. टायमिंग मागे राहिले, तर नवा पंपही धूर देतो.

डिपस्टिक खोटे बोलत नाही

रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक पाहावी. ऑइल कमी झाले तर सगळेच घाबरतात. ऑइल वाढले तर मात्र कोणी लक्ष देत नाही. ऑइल वाढणे ही बरकत नव्हे! न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरत असते, किंवा फीड पंपाचा पडदा फाटलेला असतो. ऑइल पातळ लागले, डिझेलचा वास आला, तर इंजिन चालवू नये. पातळ ऑइलने बेअरिंगे जातात. चेंबर फार भरले, तर इंजिन स्वतःचेच ऑइल ओढून बेफाम पळते आणि डिझेल बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी हवेच्या तोंडावर लाकडी फळी दाबावी. हात लावू नये. ऑइल दुधासारखे पांढरट दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे.

पेट्रोलचे इंजिन असेल तर

मुंबई-गोव्याकडून येणाऱ्या वापरलेल्या शौकाच्या बोटींत कधी पेट्रोलचे इंजिन असते. ते रिच चालत असेल तर प्लग काढून पाहावा. कोरडी काळी काजळी हीच त्याची खूण. चोक अर्धवट अडकला आहे का, कार्बोरेटरचा फ्लोट जड झाला आहे का, सुई झिजली आहे का, हवेच्या तोंडावरची जाळी तेलाने बुजली आहे का, हे क्रमाने पाहावे. इंजेक्शनचे इंजिन असेल, तर पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर तपासावा. तो बिघडला की इंजिन कायम थंड आहे, असे समजून पेट्रोल जास्त सोडले जाते. थर्मोस्टॅट काढून टाकलेला असला, तरी इंजिन कधी गरम होत नाही आणि रिचच चालते.

पेट्रोलच्या बोटीत मोटारीचा कार्बोरेटर स्वस्तात मिळतो म्हणून बसवू नये. तो ओव्हर झाला की पेट्रोल पेटीत सांडते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती तळात बसते आणि एका ठिणगीची वाट पाहते. म्हणून सेल्फ मारण्यापूर्वी पेटीतला पंखा निदान चार मिनिटे चालवून आतली हवा बाहेर काढावी आणि वास घेऊन पाहावा. रिच चालणाऱ्या पेट्रोल इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड फार निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद केबिनमध्ये झोपलेला माणूस उठत नाही.

सौदा करताना

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणकार माणूस दात पाहतो आणि दौडवून पाहिल्याशिवाय लगाम हातात घेत नाही. इंजिनाचीही तशीच दौड घ्यावी. आपण पोहोचण्याआधी इंजिन गरम करून ठेवलेले नाही ना, हे हात लावून पाहावे. थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावावे. वजन भरून निदान अर्धा तास मोकळ्या पाण्यात चालवावे. धूर, आरपीएम आणि डिपस्टिक तिन्ही पाहावीत. डबा मापून भरावा आणि परतल्यावर पुन्हा मापावा. विकणारा याला तयार नसेल, तर तिथेच सलाम करून उठावे.

कागदही पाहावेत. १९१७ च्या जुन्या कायद्याऐवजी आता २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. इंजिनावर चालणाऱ्या बोटीची तपासणी आणि नोंदणी त्यानुसार करावी लागते. कागदावरचा इंजिन नंबर आणि इंजिनावर ठोकलेला नंबर जुळला पाहिजे.

आता पैशाचा हिशोब. समजा, धूर देणारे इंजिन तासाला दीड लिटर डिझेल जादा पिते. एका फेरीला तीन तास धरले, तर साडेचार लिटर. लिटरला ९० रुपये धरले, तर फेरीला ४०५ रुपये. महिन्यात १२ फेऱ्या म्हणजे ४,८६० रुपये आणि आठ महिन्यांत ३८,८८० रुपये. एवढ्या पैशांत नोझल, फिल्टर, पाइप, सारे नीट करून पैसे उरावेत. कपडेवाल्याचे नुकसान याशिवाय आहे. पांढऱ्या ताग्यावर बसलेली तेलकट काजळी धुऊन निघत नाही. आणि बोट चालवणारा माणूस तीच काजळी दिवसभर छातीत घेतो. डिझेलचा धूर कर्करोग करतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये दिला आहे.

आमच्या शहादा-लोणखेडा भागात ट्रॅक्टर आणि पंपाचे उत्तम कारीगर आहेत. त्यांनी वर्षातून दोन वेळा, पावसाळ्याआधी आणि भोंगऱ्या बाजाराआधी, नदीकाठी जाऊन बोटींची इंजिने क्रमाने तपासून देण्याचे काम अंगावर घ्यावे. फिल्टर, आरपीएमचे यंत्र, नोझलचा एक जादा जोड आणि तपासणीची एक वही एवढे सामान पुरे. व्यापाऱ्यांनीही हा खर्च वाटून घ्यावा आणि मिस्त्रीची मजुरी हातोहात द्यावी. इंजिन बिघडल्यावर मिस्त्री धडगावच्या घाटातून काठावर पोहोचेपर्यंत बोट पाण्याच्या मधोमध उभी असते आणि तिच्यात फक्त आपला माल नसतो, माणसेही असतात.